बॅग तुझी, पाखरं केनची

अव्या,

तुझ्या बंदुकीला मी हात लावू शकत नाही. रोहिणीही लावू शकत नाही. तू गेलास त्या दिवसापासून तुझ्या पॉइंट कुकच्या गॅरेजमधलं ते लोखंडी कपाट घरातल्या कुणी उघडायचं नाही, असा इथला, ऑस्ट्रेलियातला, कायदा आहे. मला तो कसा माहीत? तूच सांगितलास, एकदा जेवताना, मी काहीही विचारलेलं नसताना. मी भरीत-भाकरी खात होतो आणि तू मला समजावत होतास की लायसन्सवाला माणूस मेला तर त्याच्या बायकोने पोलिसांना काय कळवायचं. रोहिणी ओरडली, "अहो, जेवताना काय हे अभद्र!" तर तू म्हणालास, "अभद्र नाही गं, रेग्युलेशन आहे."

तिने कळवलं. दिवस उरकायच्या आतच कळवलं, कारण ती म्हणाली, "सुधीरभाऊजी, उशीर झाला तर हे वरून ओरडतील." दोन पोलीस आले, दोघेही पोरगेलेसे, बूट बाहेर काढू का म्हणून विचारणारे. त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असणंही नियमाबाहेर, म्हणून तू बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतंस. आम्ही सगळं घर पालथं घातलं, देवघराचा खणसुद्धा. शेवटी तुझी ईरा जिन्यावरून म्हणाली, "इट्स ऑन हिज नेक. इट वॉज ऑलवेज ऑन हिज नेक." हॉस्पिटलने दिलेलं पाकीट रोहिणीने तोपर्यंत उघडलेलं नव्हतं. त्यात घड्याळ, अंगठी आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली ती किल्ली. इतकी वर्षं मला वाटायचं की तो दोरा आईने बांधलेला, नजरेचा वगैरे असेल.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्यात. जन्म, गाव, शिक्षण, नोकरी. मी देणार नाही. शिक्षण काय लिहू? कमर्शियल कुकरी, हे? चहा उतू घालवणारा माणूस तू. पण तेव्हा आपलं अर्धं डँडेनॉन्ग उपनगर कुकरी शिकत होतं. उरलेलं अर्धं हेअरड्रेसिंग, आणि माझ्यासारखे थोडे अकाउंटिंग. शिकायला आलो म्हणायचं आणि पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीची, वाट बघायची. तिथल्या भाड्याच्या घरात आपण किती जण राहायचो ते मोजायची सोय नव्हती, माणसं शिफ्टप्रमाणे बदलायची. गाद्या मात्र तेवढ्याच असायच्या आणि कायम गरम.

परभणीहून निघताना तुझ्या एजंटने तुला दोन गोष्टी फुकट दिल्या होत्या. एक काळी केबिन बॅग, तिच्यावर त्याच्या कन्सल्टन्सीचं नाव सोनेरी अक्षरांत. दुसरी, पाठ करायला उत्तरं. व्हिसावाल्यांनी विचारलं, आर यू अ जेन्युइन स्टुडंट, तर म्हणायचं, यस सर, आय हॅव पॅशन फॉर कुकिंग. एअरपोर्टवर विचारलं, इज धिस युअर बॅग, तर म्हणायचं, यस सर, माय बॅग, आय पॅक्ड इट मायसेल्फ, नोबडी हॅज गिव्हन मी एनीथिंग टू कॅरी. तू ती रामरक्षेसारखी एका दमात म्हणायचास. मी हसायचो. माझीही पाठ होती, फक्त माझा एजंट पुण्याचा असल्यामुळे त्याने बॅग दिली नव्हती.

केन तुला फॅक्टरीत भेटला. पॅकिंग लाइनचा सुपरवायझर, साठीचा, लाल मानेचा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. त्यातली तीन कुत्रीबद्दल. कुत्रीचं नाव मॅगी, आणि त्यावरून आपण घरी किती हसलो होतो, दोन मिनिटांत तयार होते का म्हणून. चहाच्या सुट्टीत त्याने तुला फोनवर एका पाखराचा फोटो दाखवला. क्वेल. तू लाइनवरच ओरडलास, "अरे, ही तर आपली लावरी!" परभणीकडे ज्वारी काढल्यावर धसकटातून पायाखालून भुर्रकन उडते ती. अगदी तीच जात नव्हे, हे तू पुढे मला शंभरदा सांगितलंस, पण त्या दिवशी तुला तीच वाटली. इथे ती गव्हाच्या धसकटात असते आणि एप्रिलपासून तीन महिने तिची शिकार कायद्याने करता येते, हे ऐकून तर तू गारच पडलास. आपल्याकडे लावरी धरली तर फॉरेस्टवाले माणसाला धरतात.

"बॅग लिमिट इज ट्वेंटी," केन म्हणाला होता.

आणि तू, नुकताच विमानातून उतरलेला, अत्यंत गंभीरपणे विचारता झालास, "अँड सेव्हन केजी हँड बॅगेज?"

केनला हे कळायला दोन दिवस लागले. बॅग लिमिट म्हणजे दिवसाला एका माणसाने मारायच्या पाखरांची संख्या, सामानाचं वजन नव्हे. कळल्यावर तो इतका हसला की त्याने तुला भावाच्या शेतावर यायचं आमंत्रण दिलं. बंदूक त्याची, लायसन्स त्याचं. तू नुसतं चालायचं. तू मला ओढलंस. मी म्हणालो, बाबा रे, मी अंडंही खात नाही, मी तिथे काय करू? "गाडीत बस," तू म्हणालास. "देश बघ जरा. डँडेनॉन्ग म्हणजे ऑस्ट्रेलिया आहे का?"

ती सकाळ मला चांगली आठवते. वेस्टला, बॅलरॅटच्याही पुढे, नजर पोचेल तिथवर पिवळं धसकट आणि वर नुसतं आभाळ. मी गाडीच्या मागच्या सीटवर पांघरूण घेऊन पडलो होतो. तुम्ही दोघं लांब ठिपक्यासारखे चालत होतात, पुढे मॅगी. मधूनच ठो. केन आपली पाखरं ठेवायची पिशवी घरी विसरला होता, म्हणून तू तुझी बॅग दिलीस. तीच, काळी, एजंटच्या नावाची. एअरलाइनचा टॅग अजून तिच्या हँडलला लोंबत होता.

मग केन मॅगीला पाणी पाजायला टाकीकडे गेला आणि तू एकटा बॅग घेऊन गाडीकडे आलास. नेमकी त्याच वेळी पांढरी गाडी येऊन थांबली. युनिफॉर्ममधला माणूस उतरला, गेम ऑफिसर, सीझनमध्ये फिरून लायसन्स आणि बॅगा तपासणारा. चेहऱ्याने सभ्य. त्याने तुझ्या हातातल्या बॅगेकडे बोट केलं आणि सहज विचारलं, "दॅट युअर बॅग, मेट?"

तू ताठ उभा राहिलास. "यस सर! माय बॅग! आय पॅक्ड इट मायसेल्फ! नोबडी हॅज गिव्हन मी एनीथिंग टू कॅरी!"

त्याने बॅग उघडली. आत केनची पाखरं.

"गेम लायसन्स?"

"स्टुडंट व्हिसा, सर," असं म्हणून तू खिशातून पासपोर्टची झेरॉक्स काढलीस. मग कॉलेजचं कार्ड. मग मेडिकल इन्शुरन्स. देवाशप्पथ, अव्या, तो माणूस मागत नव्हता आणि तू देत होतास. मी काचेतून बघत होतो. बिनालायसन्सची शिकार, त्यात स्वतःच्या तोंडाने कबुली, आणि वर व्हिसाचा नंबर. म्हटलं, संपलं. परभणीतलं शेत गहाण टाकून आलेला पोरगा आता डिपोर्ट होतो. मी धडपडत खाली उतरलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सर, ही इज व्हेजिटेरियन!" मला माझ्याबद्दल म्हणायचं होतं. घाईत 'ही' झालं. ऑफिसरने एकदा पाखरांकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि वही मिटली.

तेवढ्यात केन आला म्हणून वाचलो. त्याने लायसन्स दाखवलं, बंदूक दाखवली, सगळी पाखरं माझी म्हणाला. ऑफिसर तुला म्हणाला, "देन व्हाय डिड यू से दॅट?" तुझ्याकडे त्याचं उत्तर पाठ नव्हतं. खोटी माहिती देणं हाच वेगळा गुन्हा होतो, असं त्याने शांतपणे समजावलं, नियमांचं एक पुस्तक तुझ्या हातात दिलं आणि जाताना म्हणाला, "जस्ट आन्सर व्हॉट यू'र आस्क्ड, मेट. अँड मेक इट ट्रू."

परतताना केन एकटाच हसत होता. तू ते पुस्तक चाळत होतास. मग म्हणालास, "सुध्या, त्याने विचारलंच नव्हतं."

"काय?"

"बॅग कुणी भरली ते. मीच सांगितलं. पाठ होतं म्हणून तोंडातून आलं. बॅग माझी होती, पण पाखरं केनची होती ना."

"सुटलास ना? मग संपला विषय."

माझ्यासाठी संपला. तुझा तिथून सुरू झाला. ते पुस्तक तू पोथीसारखं वाचलंस. कुठलं पाखरू गेम, म्हणजे शिकारीला मोकळं, कुठलं संरक्षित, सीझन कधी उघडतो, कधी मिटतो. बदकांसाठी वेगळी परीक्षा असते, उडतं बदक ओळखायची, तर तू बदक मारणार नसूनही तिचा अभ्यास केलास आणि फॉस्टर स्ट्रीटवर भाजी घेताना डोक्यावरून काही उडालं की मला थांबवून विचारायचास, "सांग, गेम की नॉट गेम?" माझ्या हातात कोथिंबीर आणि हा वर बघतोय. लोक वळून बघायचे. मी तुझ्यापासून चार पावलं लांब चालायला शिकलो.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. कुणाला छंद नसतात?

पण मग ते पत्र आलं मध्ये. कुकरीवाल्यांना पीआरसाठी नऊशे तास किचनमध्ये काम केल्याचं पत्र लागायचं, आणि तसं पत्र काम न करताही विकत मिळायचं. कोण द्यायचं, कसं द्यायचं, ते मी इथे लिहीत नाही. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तुला म्हणालो, "घेऊन टाक. सगळे घेतात." तू कांदा चिरत होतास. मान वर न करता म्हणालास, "ती बॅग मी भरलेली नाही, सुध्या."

मी कपाळाला हात लावला. मग तुला हरिश्चंद्र म्हणायला लागलो, तुझ्या तोंडावर, सगळ्यांसमोर. तू एका पबच्या किचनमध्ये बिनपगारी बटाटे सोलत खरेखुरे नऊशे तास भरलेस. दिवसा कॉलेज, मग बटाटे, मग फॅक्टरी. आणि तुझे तास भरत आले तोवर नियम बदलले. कुकरीची ती वाट बंद झाली. पत्र घेतलेले घरातले दोघं तोवर पीआर होऊन गाड्या घेऊन फिरत होते. तू ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर, लटकलेला. वरून मला समजावतोस कसा, तर म्हणे, "सीझन मिटला. होतं असं. उघडेल." अरे, सीझन काय? आयुष्य होतं ते!

त्यातच तुझी आई आजारी पडली. इथून बाहेर पडायचं तर परत आत यायची परवानगी आधी हातात पाहिजे, आणि ती हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. तू मागच्या अंगणात दुधाच्या उपड्या क्रेटवर बसला होतास, फोन कानाला. भाऊ पलीकडून सांगत होता, आईच्या अंत्यविधीत काय काय चाललंय ते. तू नुसतं "हां, हां" म्हणत होतास. फोन ठेवल्यावर मी तुला म्हणालो ते मी म्हणालोच: "एक पत्र घेतलं असतंस, तर आज आईजवळ असतास."

तू म्हणालास, "माहीत आहे."

बस्स. आत गेलास आणि कुकर लावलास. मी किती दिवस वाट पाहिली की आता हा भांडेल, आता माझी गचांडी धरेल. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तू भांडलाच नाहीस. आणि स्पष्टच सांगतो, तू गेलास म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. आईपुढे नऊशे तास काय, आणि पत्र काय? मी आजही तेच म्हणेन. फक्त "माहीत आहे" म्हणजे नक्की काय माहीत होतं तुला, हे एकदा विचारायचं होतं. राहून गेलं.

पुढे तुला आडगावातल्या एका मोटेलने कुक म्हणून घेतलं, तिथून पीआर झाली, लग्न झालं, ईरा झाली. ही सगळी मंडळाच्या अंकातली माहिती. मला आठवतं ते एवढंच, की माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यात तू दर रविवारी पॉइंट कुकहून डँडेनॉन्गपर्यंत, अख्खं शहर ओलांडून, डबा घेऊन यायचास. म्हणायचास, "इकडे काम होतं." डँडेनॉन्गला रविवारी तुझं कसलं काम? मी विचारलं नाही आणि डबा ठेवून घेतला. तुझ्या घरी माझ्यासाठी एक तवा आणि एक कढई वेगळी होती, दांड्यावर रोहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. त्यात कधी मांस शिजलं नाही. एकदा एका पाहुण्याने त्यात ऑम्लेट टाकलं, तर तू ती कढई फेकून नवीन आणलीस आणि तिला पुन्हा ठिपका लावलास. नियम म्हणजे नियम. ह्या एका नियमाची मी कधी थट्टा केली नाही.

बंदुकीचं लायसन्स तू पीआर झाल्यावर काढलंस. त्या फॉर्मवर तुला तो शब्द पुन्हा भेटला. जेन्युइन रीझन. बंदूक हवी तर कारण सांगा, आणि ते खरं हवं. स्वसंरक्षण चालत नाही, हौस चालत नाही. शिकार चालते. बाकीचे लोक 'हंटिंग' लिहून मोकळे होतात. तू मला फोन केलास, "सुध्या, इंग्रजी बघ जरा." मी बघितलं तर तू वेगळा कागद जोडला होतास. परभणीचं धसकट, तुझे आजोबा, पायाखालून उडणारी लावरी, केन, मॅगी, आणि शेवटी, मला त्या माळावर चालायचं आहे आणि जे मारीन ते स्वतः शिजवून खायचं आहे. मी म्हणालो, "अरे, एक शब्द पुरतो!" तू म्हणालास, "एक शब्द पाठ केल्यासारखा वाटतो."

केनची नजर अधू झाली तेव्हा त्याने आपली जुनी दुनळी बंदूक रीतसर तुझ्या नावावर केली. मग तोही गेला. एप्रिलचा पहिला शनिवार, सीझन उघडायचा दिवस, मात्र तू चुकवला नाहीस. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम हटकून त्याच शनिवारी यायचा आणि स्टेजवरून कुणीतरी म्हणायचं, अविनाश आज गुढी धसकटात उभारतोय. लिमिट वीस. तू आणायचास तीन, कधी चार. कधी रिकामा. लावरीसारखीच दिसणारी दुसरी पाखरं असतात, ती मारायला बंदी आहे, आणि तुला क्षणभर शंका आली की तू बंदूक खाली करायचास. "खात्री नव्हती," एवढंच म्हणायचास. अडीच तास गाडी हाकून जायचं आणि खात्री नव्हती म्हणून परत यायचं. याला माणूस काय म्हणणार?

मी मात्र दरवर्षी तुला छेडायचो. "लायसन्स काढलं म्हणजे जीव घ्यायला हरकत नाही, असं ना रे?"

"असं नाही. लायसन्स काढलं म्हणजे कुणीतरी मला थांबवून विचारू शकतं, आणि मला खरं सांगावं लागतं."

"पाखराला काय फरक पडतो?"

"पाखराला नाही पडत," तू म्हणायचास. "तुझी भाजी वाढू?"

हा वाद असाच दरवर्षी भाजीपाशी येऊन थांबायचा. फेब्रुवारीत तू शेवटचं म्हणालास, "या एप्रिलला नुसता चल माझ्याबरोबर. बंदूक धरू नकोस, खाऊ नकोस. बॅग धर फक्त." मी म्हणालो, "बघू." आपल्यात 'बघू' म्हणजे नाही, हे तुलाही ठाऊक होतं. तू रागावला नाहीस. मार्चमध्ये तू गेलास.

आता ऐक. मला ती दुनळी हवी होती.

मला स्वतःला याचं आश्चर्य वाटलं. पोलिसांनी ती कापडात गुंडाळून नेली तेव्हा मी गॅरेजच्या दारात उभा होतो, आणि तुला इलेक्ट्रिकच्या भट्टीत जाताना पाहून जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मी त्यांच्या गाडीपर्यंत मागे मागे चालत गेलो. तुझे कपडे रोहिणी देऊन टाकणार, गाडी विकणार. ही एक वस्तू होती जी तू जपलीस, पुसलीस, जिची किल्ली गळ्यात घातलीस. रोहिणीला ती घरात नको, ईरा तर म्हणाली, "प्लीज, नो." पोलीस म्हणाले, काही काळ ठेवू, लायसन्स असलेल्या कुणाला हवी असेल तर त्याच्या नावावर करता येईल, नाहीतर नष्ट करावी लागेल. नष्ट म्हणजे तुकडे करून वितळवायची. तुकडे हा शब्द ऐकून रोहिणी आत निघून गेली.

मग मी चौकशीला लागलो. लायसन्ससाठी लागणारा बंदुकीच्या सुरक्षेचा कोर्स करता येण्यासारखा होता. केनच्या पुतणीला फोन केला, ती म्हणाली, अवीचे मित्र तुम्ही, शेतावर कधीही या, लेखी परवानगी देते. सगळं जुळत होतं. राहिली होती फक्त कारणाची ओळ. मी ठरवूनच गेलो की एक शब्द लिहायचा आणि बंदूक घरी आणायची. कपाटात ठेवायची, वर्षातून एकदा पुसायची. कुणाचं काय बिघडतं? सगळे लिहितात.

पोलीस स्टेशनच्या काउंटरवर पोनीटेलवाली एक कॉन्स्टेबल होती. तुझी ती बॅग मी बरोबर नेली होती. रोहिणीने दिली, म्हणाली, ही तुम्हीच ठेवा. एजंटचं सोनेरी नाव आता पुसून गेलंय, दोन अक्षरं तेवढी उरलीत. तिच्यात मी तुझे कागद घातले होते, तुझं लायसन्स, मृत्यूचा दाखला. कॉन्स्टेबलने सगळं नीट पाहिलं, सॉरी फॉर युअर लॉस म्हणाली, मग अर्ज माझ्याकडे वळवला आणि पेन त्या ओळीवर टेकवलं. "जेन्युइन रीझन?"

मी पेन उचललं. एच लिहिलं, अव्या. खरंच लिहिलं. आणि पुढचं अक्षर मला येईना.

तिने त्या एकट्या एचकडे पाहिलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "जस्ट पुट हंटिंग, मेट. एव्हरीवन डझ."

सगळे घेतात. माझंच वाक्य, इंग्रजीत.

"आय डोन्ट हंट," मी म्हणालो. "आय डोन्ट ईव्हन ईट एग्ज."

"देन व्हाय डू यू वॉन्ट इट?"

तिने विचारलं होतं तेवढंच, आणि मी खरं तेच सांगितलं. "इट वॉज माय फ्रेंड्स."

तिने अर्ज परत आपल्याकडे ओढला. तिला वाईट वाटलं असावं. "दॅट्स नॉट अ जेन्युइन रीझन," ती म्हणाली. "आय'म सॉरी."

"नो वरीज," मी म्हणालो. तिने दुसरा कागद दिला, नष्ट करायला हरकत नाही असा, रोहिणीच्या सहीसाठी. मी तो घडी करून खिशात ठेवला. मला तुझा प्रचंड राग आला. एवढी वर्षं तुला हरिश्चंद्र म्हणालो, आणि ऐन वेळी तू माझ्याच हातातलं पेन अडवलंस. आईचं म्हणशील तर माझं म्हणणं अजून तेच आहे, ते काही बदललेलं नाही. पण तुझ्या त्या "माहीत आहे"मध्ये काय होतं, ते मला त्या काउंटरशी थोडं कळलं. किंमत तुला तेव्हाही दिसत होती. दिसत असूनच तू आत जाऊन कुकर लावलास.

मी निघालो. डोळे भरलेले, त्यामुळे काउंटरवरची बॅग तशीच राहिली. मागून तिने हाक मारली.

"एक्स्क्यूज मी! इज धिस युअर बॅग?"

ते पाठ केलेलं उत्तर माझ्याही तोंडावर होतं, सगळंच्या सगळं. मी परत आलो आणि बॅग उचलली.

"नो," मी म्हणालो. "माझ्या मित्राची आहे. त्याने मला धरायला सांगितली होती."

मराठीत म्हणालो. तिला काही कळलं नाही, पण तिने मान हलवली आणि मला जाऊ दिलं.